जो उठेल, त्याची खुर्ची नापास

खुर्च्या करणाऱ्यांच्या या घराण्यात घरची म्हणून एकही खुर्ची नव्हती. शिंप्याचा सदरा उसवलेला असतो, त्यातलाच प्रकार. जेवायला बसायचं ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, आणि ताट उचललं की खुर्ची गाडीत.

नियम दादाच्या वडिलांचा, म्हणजे बाबांचा. घरच्या माणसानं एक अख्खं जेवण बसून जेवल्याशिवाय खुर्ची दुकानाबाहेर जायची नाही. बाबा म्हणायचे, माणूस खुर्चीचा खरा अंत पाहतो तो जेवताना. पुढे वाकतो, मागे रेलतो, शेजाऱ्याशी भांडायला वळतो, पोराला चापट मारायला कलतो. जो मधेच उठेल, त्याची खुर्ची नापास. ती परत रंध्याखाली.

आता ऑर्डर मोठी आली की तेवढी घरची माणसं आणायची कुठून? एकदा एका सभागृहाच्या खुर्च्या करायला घेतल्या, तेव्हा बाबांनी म्हणे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना हाताला धरून जेवायला बसवलं. त्यातला एकजण इतका तब्येतीत जेवला, की खुर्ची शंभर नंबरी पास. पण माणूस पडला परका! नियम तर मोडायचा नाही. मग बाबांनी आपली बहीण त्याला देऊन त्याला घरचा करून घेतला. आत्याचा नवरा ही हकीकत मरेपर्यंत सांगायचा, आणि आत्या दर वेळी म्हणायची, "खुर्ची पास झाली हो, माणूस अजून तपासायचाच आहे."

पुढे धंदा दादाच्या हाती आला आणि दुकानाचा कारखाना झाला. कारखान्यात रोज गाड्या भरून खुर्च्या निघायला लागल्या. एवढ्या खुर्च्यांवर बसून जेवायचं तर सगळ्या घराण्याला अजीर्ण झालं असतं. तेव्हा दादानं एक यंत्र आणलं. लोखंडी बूड, वर वजन. खुर्चीवर धपकन बसायचं, उठायचं, परत बसायचं. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं जावई. येतो, जोरात बसतो, वीज खातो आणि त्याला कुणी काही बोलायचं नाही.

जावई आला, आणि घरातली एकत्र जेवणं बंद पडली. कुणी ठरवून बंद केली नाहीत. कारण उरलं नाही, एवढंच.

आणि आज, सुट्टीच्या दिवशी दुपारी, जुन्या शेडमध्ये लांबलचक टेबलाभोवती सहा नव्या खुर्च्या मांडल्या होत्या. दादा दारातूनच त्यांच्याकडे बघत होता. एका मोठ्या कंपनीला कारखाना हवा होता. नाव, यंत्रं, जागा, सगळ्यासकट. किंमत अशी, की ऐकून दादाच्या वकिलानं आधी चष्मा पुसला आणि मग कान. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. महिनाभर दादानं एकेकाला गाठून पटवलं होतं. लेक आधीपासूनच बाजूनं. ती हाडाची डॉक्टर. गेल्या वर्षी बापाच्या छातीत कळ आली, तेव्हापासून ती त्याच्याकडे माणूस म्हणून कमी आणि रिपोर्ट म्हणून जास्त बघायची. धाकटा भाऊ मान खाली घालून "बरं" म्हणाला होता. राहिली आत्या. ही शेड तिच्या नावावर, आणि शेडशिवाय सौदा अडत होता.

"माझी ना नाही," आत्या म्हणाली होती. "पण हा धंदा बाहेर जाणार ना? मग नियम तो नियम. घराबाहेर जायच्या आधी एक जेवण. सहा खुर्च्या तुझ्या जावयानं पास केलेल्या, सहा माणसं घरची. शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कुणी उठलं नाही, तर माझा होकार. कुणी उठलं, तर खुर्ची नापास आणि सौदाही नापास."

"आत्या, एवढंच?"

"एवढंच. तू शेवटचा अख्खा जेवायला कधी बसलास, ते आठवून सांग बरं."

दादा आठवायला लागला होता, पण तेवढ्यात फोन आला आणि ते तसंच राहिलं.

"ये, बस," आत्या आता टेबलाच्या टोकावरून म्हणाली. "तो फोन उलटा ठेव. पालथा पडलेला बरा दिसतो."

सगळं जेवण टेबलावर आणून ठेवलेलं होतं, म्हणजे वाढायलाही कुणाला उठायला नको. दादाच्या एका हाताला लेक, दुसऱ्या हाताला धाकटा. धाकट्याला सगळे पॉलिश म्हणत. लहानपणापासून लाकडाला पॉलिश करून करून त्याची नखं अशी तपकिरी झाली होती, की ती आता कशानंही निघत नव्हती. त्याची बायको साहजिकच पॉलिशीण. आणि तिच्या शेजारी त्यांची मुलगी, पाचर. लहानपणी झोपताना कुणाही दोघांच्या मधे घुसायची, म्हणून पाचर. आता कॉलेज करून घरी बसली होती आणि तिचं काय करायचं, हा घरातला दुसरा विषय होता.

"बसा सगळे," आत्या म्हणाली. "आणि आता उठायचं नाही."

पॉलिशिणीनं लांब दांड्याच्या डावानं बसल्या जागेवरून सगळ्यांना भात वाढला. अर्धा ताटात पडला, अर्धा टेबलावर.

"काकू, तू गोलंदाजी का नाही केलीस?" लेकीनं विचारलं.

"तू गप गं. तुझ्यासारखी सुई टोचून नाही वाढत मी."

पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच फोन टेबलावर थरथरला. दादाचे गुडघे त्याला न विचारताच सरळ व्हायला लागले. वर्षानुवर्षांची सवय, फोन आला की आधी पाय उठायचे आणि मग दादा. लेकीनं त्याच्या मांडीवर हात ठेवला.

"बाबा. बस."

"फोरमन असेल. गाडी अडली असेल."

"अडली तर उभी राहील. गाडीच आहे."

दादा बसला. फोन थरथरत थरथरत टेबलाच्या काठापर्यंत गेला आणि दमून थांबला. दादाला वाटलं, आता कारखाना कोसळल्याचा आवाज येणार. पण आवाज आला तो पॉलिशच्या भात कालवण्याचा. पॉलिश अजूनही भाताचं आळं करून आधी कडा खातो आणि मधलं तळं शेवटी, हे दादाला एकदम दिसलं. आई याच्यावरून त्याला किती ओरडायची!

"काय बघतोस?" पॉलिश म्हणाला.

"काही नाही. तू अजून तसंच खातोस."

"मग? दुकानाचा कारखाना झाला म्हणून भात खायची पद्धत बदलू?" पॉलिशनं मान वर केली नाही. "तुला आज दिसलं, कारण आज शेजारी बसलायस. एरवी तुझी पाठ दिसते. पाठही चांगलीच आहे म्हणा, आपल्या मालासारखी."

"हे बघ, टोमणे नकोत. सौदा झाला की तुला काही करायला नको. घरी बसून आराम कर."

"भाऊजी, ते घरी बसणार?" पॉलिशीण म्हणाली. "मग मला कामावर जावं लागेल, कुठंतरी लांब."

आत्या खदाखदा हसली. पॉलिश हसला नाही. घास हातातच ठेवून म्हणाला, "दादा, मी 'बरं' म्हणालो ते पैशासाठी नाही. घर तू दिलंस, माझ्या ऑपरेशनचं बिल तू भरलंस, मी काही नाकारत नाही. पण मला कंटाळा आला. तुझ्या हाताखाली काम करण्याचा नाही रे. तुझ्याशी फक्त मालाबद्दल बोलण्याचा. विकून टाकलं, तर निदान आपल्याला बोलायला दुसरा विषय शोधावा लागेल."

 दादाला उठायचं होतं. असं काही बोलणं निघालं की तो नेहमी उठायचा आणि कारखान्यात जायचा. तिथं दर अडचणीला एखादा स्क्रू असायचा. इथं खुर्चीवर खिळल्यासारखं बसून राहायचं. त्यानं भाजीच वाढून घेतली.

"मग मी राबलो ते कशासाठी?" तो भाजीकडे बघत म्हणाला. "आज या शहरात अशी एक कचेरी दाखवा, जिथं साहेब माझ्या खुर्चीवर बसून लोकांना ताटकळत ठेवत नाही. एवढ्याशा दुकानातून सुरुवात केली. आज लोक मला श्रीमंत म्हणतात. तुम्हीच तेवढे असे बघता, जणू मी कुणाचं काही हिसकावून घेतलंय."

"असं कुणी म्हणालं का?" लेक म्हणाली. "माझं सगळं शिक्षण तुझ्या खुर्च्यांवर झालं, बाबा. फक्त तू त्यावर कधी बसला नाहीस."

"आणि मी पैशाला नावं ठेवायला बसलेली नाही," आत्या म्हणाली. "मला माडीवरची पाल दिसत नव्हती. तू मोतीबिंदू काढून दोन्ही डोळे करून दिलेस, आता मला पालीच्या तोंडातली माशीसुद्धा दिसते. पैसा खुर्चीसारखा आहे बाबा. हवीच, आणि चांगली मजबूत हवी. पण खुर्ची घरात आली म्हणजे माणूस बसलाच, असं नाही. जाऊ दे. तुम्हाला त्या कलेक्टरची गोष्ट सांगितलीय का मी?"

ती सगळ्यांनी ऐकलेली होती. पण उठायचं नव्हतं, तेव्हा ऐकणं आलं.

गोष्ट अशी, की एका जाडजूड कलेक्टरनं बाबांकडून खुर्ची नेली. आधीच्या सगळ्या त्याच्याखाली मोडल्या होत्या. बाबांनी ही अशी बांधली की ती मोडेना; पण हात इतके बेताचे ठेवले, की साहेब बसला तो रुतलाच. निघेना! शिपायांनी ओढून पाहिलं, तेल लावून पाहिलं. शेवटी सरकारी दौरा आला, तेव्हा साहेबाला खुर्चीसकट गाडीत घालून नेला. लोक म्हणाले, काय हा कामसू साहेब, क्षणभर खुर्ची सोडत नाही! आणि त्याला बढती मिळाली.

"मग निघाला कधी?" पाचरनं ठरलेला प्रश्न विचारला.

"रिटायर झाल्यावर," आत्या म्हणाली. "आपोआप. सगळेच तेव्हा निघतात."

दादा हसला. आधी नाकातून, मग पोटातून. मग मागे रेलून, पॉलिशच्या खांद्यावर हात मारून हसला. आणि त्याच्या खुर्चीतून आवाज आला.

कुर्र.

 या घरात शेजारच्या खोलीत कुणी रडलं, तर एखाद्याला ऐकू यायचं नाही; पण खुर्ची कुरकुरली, की झोपलेलाही उठून बसायचा. सहाही जणांचे घास हवेत थांबले. दादा हळूच उजवीकडे कलला. काही नाही. डावीकडे कलला.

कुर्र.

"जावयानं पास केलेली आहे," दादा म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. "त्यावर शिक्का आहे."

"मागचा डावा पाय, मोठे काका," पाचर म्हणाली. "पाठीशी जुळतो तो सांधा. जावई सरळ खाली दाबतो ना. तो कलत नाही. त्याला कधी हसू येत नाही, आणि शेजारी भाऊ नसतो खांद्यावर मारायला. मी सांगणार होते, यंत्राला एक तिरका दणका द्यायची सोय करता येईल. फार खर्चही नाही."

"तू सांगणार होतीस? कधी?"

"आले होते तुमच्या केबिनपर्यंत. दोन-तीनदा. तुम्ही फोनवर होता. मग बाहेर बसले. तुमच्याकडे वाट बघायच्या खुर्च्या फार छान आहेत."

दादानं पॉलिशकडे पाहिलं. पॉलिश तर स्वतःच तोंड उघडं टाकून पाचरकडे बघत होता.

"तू कारखान्यात जातेस?" पॉलिशनं विचारलं.

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा."

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही घरी आलात की म्हणता, त्या भुशाचं नाव काढू नका."

"अगं, मी तुझ्यासाठी तर विकायला तयार झालो!" पॉलिशचा आवाज चढला. "म्हटलं, आपली नखं झाली ती झाली, पोरीची तरी नीट राहू देत!"

पाचरनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडा तपकिरी होत्या. पॉलिशिणीनं कपाळावर हात मारला. "आणि मी समजत होते मेंदी काढायला शिकतेय!"

लेक हसायचं थांबवून बापाकडे वळली. "बाबा, हे सगळं ठीक आहे. पण मला तू जिवंत हवायस. कारखाना कुणीही चालवू दे, तू तो सोडायचास. म्हणून मी विकायच्या बाजूनं."

"म्हणजे कुणीही चालवला तर चालेल?" आत्यानं भोळा चेहरा करून विचारलं. तो चेहरा तिला मुळीच शोभत नव्हता.

 ताटं जवळजवळ रिकामी झाली होती. दादाच्या लक्षात आलं, की सगळे फार सावकाश खाताहेत. पॉलिश तळ्यातला भात चिमटीनं उचलत होता. पॉलिशीण नको असलेली भाजी पुन्हा घेत होती. आणि आत्या, दात नसताना, एकेक शीत चावत होती. जेवण संपलं, की आत्याचा होकार. शब्द म्हणजे शब्द. महिनाभर त्यानंच सगळ्यांच्या मागे लागून हे जमवलं होतं. जिंकायला आता फक्त बसून राहायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही न करता काहीतरी मिळणार होतं. आणि त्याला ते घशाखाली उतरेना.

फोन थरथरला. या खेपेला त्यानं तो उलटून पाहिला. कंपनीचा माणूस.  दादाचे पाय सरळ व्हायला लागले, मग त्यानं ते पुन्हा खुर्चीखाली ओढून घेतले.

"वाजू दे," तो म्हणाला. "जेवतोय."

आत्यानं शेवटचं शीत उचललं. ते तिनं बोटावर धरून जरा वेळ पाहिलं, दृष्ट काढावी तसं. आणि नेमका त्याच क्षणी पॉलिशला ठसका लागला. खोटा नव्हता, तळ्यातला शेवटचा घास घाईनं आत गेला होता. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. बायको पाठ चोळतेय, पोरगी "वर बघा, वर बघा" म्हणतेय.

दादा उठला.

खुर्ची मागे सरकवून तो सरळ शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, तिथल्या पिंपातून पेला भरला, परत आला आणि भावाच्या तोंडाला लावला. पॉलिश प्यायला. दादानं त्याच्या डोक्यावर, लहानपणी मारायचा तशी, टपली मारली. "सावकाश गिळ. कुणी पळवत नाही."

 आत्याचं शीत अजून बोटावरच होतं.

"उठलास," ती म्हणाली.

"उठलो."

"जेवण संपायच्या आत."

"भावाला ठसका लागला, आत्या. बसून राहू?"

"पाण्याचा तांब्या तुझ्या ताटासमोर होता."

सगळ्यांनी पाहिलं. होता. काठोकाठ भरलेला, दादाच्या उजव्या हाताशी.

"दिसला नाही," दादा म्हणाला.

"मला दिसला," आत्या म्हणाली. "तूच करून दिलेल्या डोळ्यांनी." आणि तिनं शीत तोंडात टाकलं.

फोन पुन्हा वाजला. दादानं उभ्या उभ्याच घेतला. "हो, बोलतोय. नाही, जमणार नाही... किमतीचं नाही हो. खुर्ची नापास झाली... नाही, नाही, एकच. मागचा डावा पाय." पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी विचारत राहिला. दादानं फोन पालथा ठेवला.

"बाबा," लेक म्हणाली. तिचा चेहरा कठोर होता आणि डोळे भरलेले. "मी काय सांगितलं होतं?"

"आठवतंय. सकाळचा अर्धा दिवस जाईन, ते हिला सगळं दाखवून होईपर्यंत. मग तोही नाही. दुपारी घरी जेवायला. या खुर्च्यांवर." त्यानं पाचरकडे पाहिलं. "तो तिरका दणका कसा द्यायचा म्हणतेस?"

"उद्या दाखवते."

"मी पण येतो," पॉलिश घसा खाकरत म्हणाला. "लाकूड तुम्ही दोघं बघा. पॉलिशला हात लावायचा नाही कुणी."

"आणि त्या केबिनबाहेरच्या खुर्च्या काढून टाका," पॉलिशीण म्हणाली. "फार छान आहेत ना? इथं आणा. हिच्या लग्नात उपयोगी पडतील."

"आई!"

दादा परत आपल्या जागी बसला. खुर्ची कुरकुरली. त्यानं कललेल्या बाजूला आणखी थोडं कलून भावाच्या ताटात डोकावलं आणि डाव उचलला. "थोडा भात घे. तुझं तळं आटलंय."

"पोट फुटेल."

"घे रे."

फोन टेबलाच्या कडेला थरथरत राहिला. सगळ्यांची जेवणं झाली होती. उठलं कुणीच नाही.